तिसऱ्या माणसाचा शनिवार

शनिवारी दप्तर आणायचं नसतं, त्यामुळे सहावी 'अ'च्या पोरांना त्या दिवशी हातांचं काय करायचं हेच कळत नाही. कोणी खिशात बोरं भरून आणतं, कोणी पुढच्याच्या पाठीवर तबला वाजवतं. असल्या पोरांना डोळे मिटून गप्प बसवायचं काम सिंधूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या याच शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, निवृत्त झाल्या, वर्षभर घरी बसून कंटाळल्या आणि एक दिवस हेडमास्तर शाहनवाज सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, शनिवारचा एक तास मला द्या. मानधन नको, पाठ्यपुस्तक नको."

"मग शिकवणार काय मॅडम?"

"बसायला."

पोरांनी त्यांचं नाव आजीमॅडम ठेवलं. पहिल्या शनिवारी थंडी होती म्हणून त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात उन्हात बसवलं. डोळे मिटा, श्वास आत जातो, बाहेर येतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा, बाकी काही नाही. थोडा वेळ बरा गेला. मग कोणाचं तरी पोट गुरगुरलं, त्यावर कोणी तरी फिस्सकन हसलं, आणि सगळा वर्ग हसायला लागला.

"बरं, डोळे उघडा. परवेज, काय दिसलं रे?"

"गरमागरम आलूपोंगा," परवेज म्हणाला. वर्गात सगळ्यात आधी तोंड उघडणारा तोच. "अन् आजीमॅडम, तो दुसऱ्यानंच खाल्ला."

"मग?"

"लय वाईट वाटलं."

"छान. वाईट कुठं वाटलं? पोटात की छातीत?"

परवेजनं खरोखर विचार केला. "आधी पोटात. मंग वर वर आलं."

"बघा," सिंधूबाई म्हणाल्या, "हा पोरगा आज ध्यान शिकला."

पुढच्या शनिवारांसाठी त्यांनी सोपी रीत ठरवली. डोळे मिटायचे, श्वास शांत झाला की एका माणसाला मनात आणायचं. त्याचा चेहरा बघायचा, तो कसा चालतो, कसा हसतो ते बघायचं, आणि मनातल्या मनात म्हणायचं, तुझं भलं होवो. एवढंच. पहिला माणूस म्हणजे आपल्याला जीव लावणारा. दुसरा म्हणजे रोज दिसतो पण ज्याच्याशी आपण कधी बोललो नाही असा. आणि तिसरा म्हणजे ज्याचा राग येतो तो.

आणखी एक गोष्ट त्या सांगत. ज्याचं भलं चिंतलं त्याला जाऊन सांगून यायचं. मनातलं मनातच ठेवलं तर ते शिळं होतं, असं त्यांचं म्हणणं. परवेजनं पहिल्या माणसाच्या वेळी नानीला, कुलसुमबीला सांगितलं. तिनं त्याचा मुका घेतला आणि ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. पुढच्या आठवड्यात अद्वैत रोजच्या ऑटोवाल्या काकांना म्हणाला, "काका, आज म्या तुमचं भलं चिंतलं." काकांनी ऑटो बाजूला थांबवला, मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि त्या दिवसापासून त्याला पुढे आपल्या शेजारी बसवायला लागले. पोरांना ही गोष्ट फार आवडली. सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे त्यांना कळलं होतं.

तिसऱ्या माणसाच्या शनिवारी सिंधूबाई एवढंच म्हणाल्या, "आज राग येणाऱ्या माणसाची वेळ. जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. घाई नाही."

पोरं बसली. आणि काय नवल, त्या दिवशी कोणाचं पोट गुरगुरलं नाही. कपाळाला आठ्या पडल्या, काहींच्या मुठी वळल्या, मग हळूहळू मुठी सैल झाल्या. सिंधूबाई एकेक चेहरा बघत राहिल्या. इतक्या खूश झाल्या की तास संपल्यावर एक वाक्य सांगायचं राहूनच गेलं. आज घरी जाऊन कोणाला काही सांगू नका, हे ते वाक्य.

आता चारुताबद्दल सांगायला हवं. चारुता सहावी 'अ'ची मॉनिटर. वडील वकील, अक्षर मोत्यासारखं, बोलणं छापील. शाहनवाज सर हेडमास्तर असले तरी या वर्गाला गणित तेच शिकवायचे, आणि गणिताच्या मध्यात त्यांना हमखास फोन यायचा. फोन आला की ते खडू चारुताच्या हातात देऊन बाहेर जात. चारुता फळ्यासमोर उभी राही आणि बोलणाऱ्यांची नावं लिही. पुन्हा बोललं तर नावापुढे फुली. ज्याचं नाव फळ्यावर, त्यानं खेळाच्या तासाला वर्गात बसायचं. चारुता कधी लबाडी करत नसे. बाकावर शेजारी बसणारी अलीझा, तिची सख्खी मैत्रीण, बोलली तर तिचंही नाव तितक्याच सुबक अक्षरात फळ्यावर जाई.

त्या शनिवारी तास सुटला. चारुता व्हरांड्याच्या पायरीवर बसून बूट घालत होती. अद्वैत तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"चारुता, म्या आज तुह्यं भलं चिंतलं."

"हो?" चारुता हसली. "थँक यू."

मग आणखी एक मुलगी आली. तिनंही तेच सांगितलं. चारुता म्हणाली, "अरे वा." मग दोघं जोडीनं आली. मग परवेज आला.

"म्या त दोनदा चिंतलं. पह्यल्यांदा नीट जमलंच नाही. तू समोर आली की डोक्यात फुलीच दिसे. मंग दुसऱ्यांदा झालं."

चारुताचा हात बुटाच्या लेसवर थांबला. परवेजच्या मागे आणखी पोरं उभी होती, अगदी शिस्तीत, आपली वेळ येण्याची वाट बघत. सगळ्यांचे चेहरे चांगुलपणानं फुलले होते. आज कोणता माणूस मनात आणायचा होता, ते तिला तेव्हा आठवलं.

तिनं गर्दीत अलीझाला शोधलं. अलीझा खांबापाशी उभी होती.

"तू पण?"

अलीझा खोटं बोलत नसे. "हाव," ती म्हणाली.

चारुता एक लेस तशीच लोंबती ठेवून फाटकाबाहेर निघून गेली.

परवेज धावत सिंधूबाईंकडे आला. "आजीमॅडम, हे काय झालं? सगळ्यायनं तिचं भलं चिंतलं अन् ते रडून राहिली! काहून?"

सिंधूबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी दुपारी शाहनवाज सरांचा फोन आला. "मॅडम, चारुता सकाळी माझ्या टेबलावर खडू ठेवून गेली. म्हणते, मला 'ब' तुकडीत टाका. वडीलही येऊन गेले. मी विचारलं, कोणी त्रास दिला का, मारलं का, चिडवलं का? तर म्हणे, नाही सर, सगळ्यांनी माझं भलं चिंतलं. आता ही तक्रार मी कुठं नोंदवू?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"शनिवारपर्यंत थांबा म्हटलं. 'ब'मध्ये जागा आहे. मुलगी हुशार, तिकडचे सर तर हात जोडून घेतील. पण मॅडम, पहिलीपासून या वर्गात वाढलेली पोरगी अशी निघून गेली तर बरं दिसत नाही. अन् ती गेली तर पुन्हा कोणाशी मनमोकळी बोलणार नाही, ही मला जास्त धास्ती."

"मलाही," सिंधूबाई म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी त्या चारुताच्या घरी गेल्या तेव्हा त्या गल्लीत नळ आले होते. नळ आले की जुन्या शहरात कोणी पाहुण्याकडे बघत नाही. चारुताची आई रागिणी एका हातात बादली, एका हातात पातेलं घेऊन दारात आली. "या न मॅडम, या. चारुता मागं ड्रम भरून राहिली. तुमीच जा, मी इकडचं पाहते."

मागच्या अंगणात चारुता ड्रममध्ये पाइप धरून बसली होती. सिंधूबाईंना बघून उठली नाही. पाइप सोडता येत नव्हता, हे एक कारण झालं.

"चुकलं माझं," सिंधूबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या. "सांगू नका म्हणायला हवं होतं. विसरले."

"सांगितलं नसतं तर त्यांनी मनात मलाच आणलं नसतं का?"

"आणलं असतं," त्या म्हणाल्या.

चारुतानं पाण्याकडे बघत विचारलं, "मी खोटी नावं लिहिते का?"

"नाही."

"मग? सरांनीच सांगितलं लिहायला. मी नाही लिहिली तर सर मला बोलतात. लिहिली तर हे सगळे..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. मग एकदम म्हणाली, "तुम्ही कोणाला मनात आणलं त्या दिवशी?"

"मी? शेजारच्या रामरावांना. रोज माझ्या फाटकासमोर स्कूटर आडवी लावतात."

"मग त्यांना सांगितलं?"

"वेडी आहेस का? जन्मभर तोंड नाही बघायचे माझं."

चारुताला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण पाइप हलला आणि पाण्याची धार दोघींच्या अंगावर उडाली.

"आणि तू कोणाला आणलंस?" सिंधूबाईंनी पदरानं चष्मा पुसत विचारलं.

ड्रम भरत आला होता. "अलीझाला," ती म्हणाली. "तिचं नाव लिहिलं की ती दिवसभर माझ्याशी बोलत नाही. मला तिचा राग येतो. खूप येतो. कारण बाकीचे बोलले नाहीत तरी मला काही वाटत नाही."

"म्हणजे तिनं तुला आणलं, आणि तू तिला."

"पण मी तिला तोंडावर नाही सांगितलं."

"हो. ती माझ्या सांगण्याप्रमाणे वागली, तू नाही वागलीस."

चारुतानं भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला चांगलं म्हटलं की वाईट, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात ड्रम भरून वाहायला लागला, आतून रागिणीचा आवाज आला, "अगं पाणी वाया जाऊन राहिलं! पाइप टाकीत टाक!" आणि सगळी धावपळ झाली. निघताना सिंधूबाई म्हणाल्या, "शनिवारी ये. मग 'ब'त जायचं तर जा. मी अडवणार नाही. सरांनाही अडवू देणार नाही."

"आणि नाही आले तर?"

"तर मी रामरावांना खरं सांगून टाकेन."

शनिवारी चारुता आली. पण आपल्या जागेवर बसली नाही. दाराजवळ, चपला काढतात तिथं, भिंतीला टेकून बसली. निघायला सोपी जागा होती ती. सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला. आठवडाभरात पोरांना आपलं काही तरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय चुकलंय ते कळलं नव्हतं. परवेज तर उठून पुन्हा तिचं भलं चिंतायला तयार होता. अद्वैतनं त्याला शर्ट धरून खाली बसवलं. "बस न बे! तुह्यानंच बिघडलं सारं."

"माह्यानं? लाइनीत पयला त तूच होता!"

शाहनवाज सरही येऊन मागे उभे राहिले होते. सिंधूबाईंनी त्यांना बाकावर जागा दाखवली. "सर, बसा. डोळे मिटा."

"मी? मी नुसता पाहायला आलो मॅडम."

"पाहायचंच आहे. डोळे मिटून."

पोरं खुदखुदली. सर बसले. त्यांचे गुडघे सहावीच्या बाकाखाली मावेनात, म्हणून ते आडवे बसले.

"आज कोणाचं भलं चिंतायचं नाही," सिंधूबाई म्हणाल्या. "भलं चिंतणं सोपं आहे. दुरून करता येतं. आज दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहायचं. श्वास शांत होऊ द्या. झाला? आता गणिताचा तास चालू आहे. सरांचा फोन वाजला. सर उठले आणि खडू तुमच्या हातात देऊन गेले. तुम्ही फळ्यापाशी उभे आहात. वर्ग तुमच्याकडे बघतोय. काय काय दिसतं, काय ऐकू येतं, हात काय करतो, ते बघा. काहीही ठरवू नका. नुसतं बघा."

मग त्या दाराकडे वळल्या. "आणि ज्यांनी खराखुरा खडू आधीच धरलेला आहे, त्यांनी आज बाकावर बसून फळ्याकडे बघायचं."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. कोणी हललं नाही. बऱ्याच वेळानं सिंधूबाई म्हणाल्या, "हळू डोळे उघडा. बोला."

सवयीप्रमाणे परवेजच आधी. पण या वेळी त्याचा आवाज बारीक होता. "आजीमॅडम, मले त घाम फुटला. सारे बोलून राहिले होते. म्या म्हटलं चूप, तं कोणी आयकेच ना. अन् तिकून सरायच्या बुटाचा आवाज."

"मग?"

"म्या सगळ्यायचे नाव लिहून टाकले. फळा पुरला नाही."

"म्या कोणाचंच नाही लिहिलं," अद्वैत म्हणाला. "सर आले, फळा कोरा पायला, अन् मलेच बोलले."

"फळ्याकडे तोंड केलं न," मागून एक मुलगी म्हणाली, "तं मागून सारे मलेच हासून राहिले असं वाटे. अन् वळून पायलं तं सगळे चूप."

चारुता गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होती. ही मुलगी जे बोलली ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

"सर, तुम्हाला काय दिसलं?" सिंधूबाईंनी विचारलं.

शाहनवाज सर दचकले. "मी तर बाहेर होतो मॅडम. फोनवर."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी चष्मा काढला. "तिथं उभा राहून पाहिलं तर... फोन काही एवढा महत्त्वाचा नव्हता. बहुतेक वेळा नसतोच. खडू देऊन टाकला की मी मोकळा होतो, बस."

हेडमास्तर असं बोलताना पोरांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"अलीझा?"

अलीझा उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मॅडम, माह्या हातात खडू होता, अन् समोर चारुता बोलून राहिली होती. तिचं नाव लिहू का नको, लिहू का नको, असंच चाललं होतं. आखरी लिहिलं. मंग तिच्याकडं पायलंच नाही गेलं." ती खाली बसली आणि बसता बसता दाराकडे न बघता म्हणाली, "नाव लिहिनाऱ्यालेच जास्त लागते, हे मले मालूम नव्हतं."

आता सगळे दाराकडे बघू लागले. चारुताला कोणी विचारलं नव्हतं. सिंधूबाईंनीही नाही. शिक्षक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर कधी विचारू नये, एवढं त्यांना समजत होतं.

"माझं नाव फळ्यावर होतं," चारुता स्वतःहून म्हणाली. "माझ्याच अक्षरात. आणि मी बोलले नव्हते. मागच्यानं पट्टी मागितली म्हणून फक्त वळले होते. मी सांगत होते की मी नाही बोलले, पण फळ्यासमोरची मुलगी ऐकतच नव्हती. पुढचं नाव लिहीत होती." ती थांबली. "मग सगळे खेळायला गेले."

"पाह्य!" अलीझा ताडकन उठली. "मागच्या हप्त्यातल्या बुधवारी म्या हेच त सांगत होती तुले! म्या रबरच मांगला होता! तरी तू फुली मारली!"

"रबर नव्हता, तू पिकनिकचं सांगत होतीस!"

"पयले रबर, मंग पिकनिक!"

"म्हणजे बोललीसच ना!"

"पण फुली पयलेच मारली न तू, रबराच्या टायमाले!"

चारुता दाराजवळून उठून आत आली होती, ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं. दोघी वर्गाच्या मधोमध समोरासमोर उभ्या होत्या. परवेज मध्ये पडायला निघाला, तर दोघींनी एकदमच त्याला "तू बस!" म्हटलं. तो आनंदानं खाली बसला.

तास संपल्याची घंटा झाली. पोरं मैदानाकडे पळाली. त्या दोघीही गेल्या, भांडतच. व्हरांड्यातून, खांबांच्या सावल्यांतून त्यांचे आवाज येत होते. रबर मागितला तो क्षण नेमका कोणता, तेव्हा सर दारात होते की जिन्यावर, कोण कोणाकडे आधी वळलं, एकेक गोष्ट काढून तपासली जात होती.

शाहनवाज सर बाकातून गुडघे सोडवत उठले. "मॅडम, ध्यानाच्या तासाला असं भांडण?"

"आठवडाभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या," सिंधूबाई म्हणाल्या. "ज्याला सोडून जायचं असतं, त्याच्याशी इतकं कोण भांडतं?"

"पण माझं काय? तिकडच्या सरांना मला आज कळवायचंय. वकीलसाहेबांनाही." ते कठड्यापाशी गेले आणि मैदानाकडे हात करून ओरडले, "चारुता! बेटा, 'ब' तुकडीचं काय ठरलं?"

चारुतानं मागे वळून पाहिलं. तिला हा प्रश्न भलत्याच वेळी विचारल्यासारखा वाटला असावा.

"मी कुठंच नाही जाऊन राहिली, सर!" ती तिकडूनच ओरडली. "आधी हिचा निकाल लागू द्या. अन् सोमवारी फोन आला न, तर खडू परवेजला द्या!"

"मले काहून?" पळता पळता परवेज घाबरून थांबला.